येळावीच्या वायरमनची गाडी

मी खांबावर चढणारा माणूस.
अकरा हजाराच्या लाइनीखाली बसून भाकरी खाल्लेली,
फीडरचा जंप कुठं निसटलाय
ते झोपेत सांगीन.
आणि माझीच गाडी
चाळीसच्या पुढं गेली की खोकायची.

हॉर्न दाबला की दचकायची.
इंडिकेटरच्या टिकटिकीला
हेडलाइट डोळा मिचकावायचा,
आणि ब्रेक मारला तर इंजिनच गप्प,
पाहुण्यांनी नाव विचारल्यावर
पोरगं गप्प होतं तसं.

आठवडाभर मीच झटलो.
प्लग बदलला, कॅप बदलली.
कार्ब्युरेटर परातीत धुतला,
ती परात बायकोनं अजून घरात घेतलेली नाही.
बॅटरी नवी टाकली, उधारीवर.
मेव्हणा म्हणाला कॉइल गेली,
शेजारी म्हणाला पेट्रोलात पाणी,
पंपावरच्या पोरानं तर गिऱ्हाईकच आणलं.

शेवटी ढकलत, चालवत, ढकलत
तासगाव.
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमागं
पत्र्याच्या सावलीत नूरमहंमद पिंजारी.
डाव्या कानानं कमी ऐकतो.
गाडीचं दुखणं कुणी सांगायला लागलं
की हात वर करतो : बास.
तिलाच सांगू दे.

प्लग काढून हेडवर आडवा ठेवला.
मार किक.
ठिणगी आली,
निळी यायची ती पिवळी, उपाशी.
त्यानं मान हलवली नाही की काही नाही.
मीटरची एक कांडी बॅटरीच्या मायनसला,
दुसरी इंजिनावर.
दाब हॉर्न.

दोन पॉइंट एक.

किती यायला पायजे, मी विचारलं,
विचारताना माझं मलाच कसंतरी झालं.
काय न्हाई, म्हणाला.
हितं शून्य आलं तर गाडी शहाणी.

मग एक तारेचा तुकडा घेतला,
मायनसपासून इंजिनापर्यंत नुसता टेकवला
आणि गाडी
अशी चालू लागली की जणू आठवडाभर
मीच खोटं बोलत होतो.

रंग कवा दिलास?

दसऱ्याला. लेकीनं निवडलेला, मोरपंखी.
सगळी गाडी खोलून मीच मारला, दोन हात,
चेसिसच्या कोपऱ्यात, बोल्टाच्या बुडाखाली,
कुठं उघडं म्हणून राहू दिलं नाही.

झकास दिलास, म्हणाला.
म्हणून तर अर्थ लागंना.

मी हसलो नाही.
दर उन्हाळ्यात बागायतदारांवर ओरडतो मी,
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ घाला, कोळसा घाला,
चार बादल्या पाणी ओता,
नुसती तार पुरून भागत नसतं रे,
मातीला ती लागली पाहिजे.
तोंडपाठ आहे मला हे.

त्यानं कानस घेतली.
बोल्टाखाली रुपयाएवढी जागा
खरवडली, हळू,
लेकीचा रंग आहे हे त्याला कळलं असावं.
मोरपंखाची पूड त्याच्या नखांत गेली,
खालून लोखंड आलं, पांढरं,
नुकतं उठल्यासारखं.
तारेचं टोक घासलं, व्हॅसलिनचं बोट फिरवलं,
बोल्ट आवळला.

पुन्हा कांड्या. पुन्हा हॉर्न.
शून्य पॉइंट शून्य चार.
चार कसले, मी म्हटलं.
ते राहतंच, तो म्हणाला, उजवा कान माझ्याकडं करून.
चाळीस रुपये घेतले,
आणि सुटे नव्हते म्हणून दहा
अजून माझे त्याच्याकडं आहेत.

रात्री अकराला फोन आला,
राजापूरची डीपी उडाली.
दोन्ही बाजूला द्राक्षांच्या बागा,
रस्त्यावर चिटपाखरू नाही,
काटा साठवर, आणि हेडलाइट
वाटीभर तुपासारखा स्थिर.

मी हॉर्न दाबला.
समोर कुणी नव्हतं.
परत दाबला.